मॅरीड प्रिंट

१८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज या गावी, थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेच्या आवारात एक छोटंसं चित्रण झालं. विल्यम केनेडी लॉरी डिक्सन हा एडिसनचा सहकारी एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून व्हायोलिन वाजवतोय आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचतायत. जेमतेम १७ सेकंदांचं दृश्य. व्हायोलिनचा आवाज कर्ण्यातून मेणाच्या एका नळकांड्यावर कोरला जात होता आणि त्याच वेळी कॅमेरा फिरत होता. चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपण्याचा, आज शिल्लक असलेला हा सगळ्यात जुना प्रयत्न.

पण चित्र एका वस्तूवर होतं आणि आवाज दुसऱ्या. पुढे दोघांची ताटातूट झाली. चित्रफीत कालांतराने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोचली आणि मूक चित्रपट म्हणूनच पाहिली गेली. नळकांडं वेस्ट ऑरेंजलाच राहिलं, तेही दुभंगलेलं. १९९८ मध्ये न्यू यॉर्कला ते दुरुस्त करून त्यातला आवाज उतरवून घेण्यात आला. त्यानंतर दोन्ही गोष्टी चित्रपट-संकलक वॉल्टर मर्च यांच्या हाती आल्या. 'द इंग्लिश पेशंट'साठी संकलन आणि ध्वनी अशी दोन्ही ऑस्कर मिळवलेला हा माणूस. त्यांच्यापुढचं काम सांगायला एका ओळीचं होतं : एक व्हिडिओ फाइल, एक ऑडिओ फाइल, दोन्ही जोडा.

ते एका ओळीत होण्यासारखं नव्हतं. आवाज दोन मिनिटांहून जास्त, चित्र १७ सेकंदांचं. वाजवायला सुरुवात करण्याआधी कोणीतरी बाकीच्यांना तयार आहात का असं विचारतं, तेही नळकांड्यावर आहे. मग या दोन मिनिटांतले नेमके कुठले १७ सेकंद चित्रातले? शिवाय एडिसनचा कॅमेरा सेकंदाला सुमारे ४० फ्रेम टिपायचा, आणि संगणकात आलेला व्हिडिओ चालत होता सेकंदाला ३० फ्रेमने. म्हणजे चित्रातला डिक्सन प्रत्यक्षापेक्षा हळू वाजवत होता. आधी चित्राचा वेग दुरुस्त करावा लागला आणि मग व्हायोलिनच्या गजाची हालचाल सुरांशी ताडून बघावी लागली. एकदा ते जमल्यावर शंभरहून अधिक वर्षांनी ते १७ सेकंद पहिल्यांदा चित्र आणि आवाज मिळून लोकांसमोर आले. आता ते कोणालाही फोनवर बघता येतात. अवश्य बघा.

माझं काम व्हिडिओशी संबंधित सॉफ्टवेअरचं आहे. दोन फाइली जोडायला आज मला फारसं काही करावं लागत नाही, एक आज्ञा टाइप केली की झालं. पण ते इतकं सोपं का झालं आणि आधी इतकं अवघड का होतं, याचा माग काढायला लागलो तेव्हा लक्षात आलं की या १३० वर्षांत चित्र आणि आवाज कितीतरी वेळा एकत्र आले आणि कितीतरी वेळा वेगळे झाले. प्रत्येक वेळी दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती. दोघांना मान्य असलेलं एक घड्याळ.

थांबणारं चित्र, वाहणारा आवाज

मुळात हे दोघं वेगळे का? कारण त्यांचा स्वभावच वेगळा आहे. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग सरकत नाही. एक फ्रेम भिंगासमोर येते, क्षणभर थांबते, मग झटक्यात पुढची येते. न थांबता सरकली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. आवाजाचं बरोबर उलट. तो एकसारख्या वेगाने वाहायला हवा. सेकंदाला २४ वेळा आचके खाणारं गाणं कोण ऐकणार?

त्यामुळे सुरुवातीचे उपाय दोन यंत्रांचे होते. त्यातला सगळ्यात यशस्वी उपाय म्हणजे वॉर्नर ब्रदर्सने आणलेलं व्हायटाफोन. ऑगस्ट १९२६ मध्ये 'डॉन जुआन' आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' याच पद्धतीने दाखवले गेले. चित्र फिल्मवर आणि आवाज १६ इंची तबकडीवर. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घ्यायची, फिल्मचं एक रीळ संपायला साधारण ११ मिनिटं लागायची आणि तेवढ्याच वेळात तबकडीची बाजूही संपायची. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली. फिल्मवर सुरुवातीची खूण, तबकडीवर बाण. ऑपरेटरने फिल्मची खूण खिडकीत आणि सुई बाणावर ठेवायची, आणि मग मोटर सुरू करायची.

मोटर दोघांची एक, म्हणजे घड्याळ एक. पण हे घड्याळ फक्त वेग सांभाळायचं, 'आत्ता आपण कुठे आहोत' हे त्याला ठाऊक नसायचं. सुईने एक चर ओलांडली की पुढचं सगळं रीळ बिघडलं. फिल्म तुटली आणि खराब झालेल्या दहा फ्रेम कापल्या, तर तिथे मोजून दहाच काळ्या फ्रेम जोडायच्या. नाहीतर त्या जागेपासून नायिकेचे ओठ आणि तिचं बोलणं यांची चुकामूक. तबकडीही झिजायची. एक तबकडी साधारण वीस खेळांपुरती असायची आणि प्रत्येक खेळाला खूण करण्यासाठी तिच्या लेबलवरच वीस चौकोन छापलेले असायचे.

चारपाच वर्षांत ही पद्धत मागे पडली आणि तिच्या गोदामांची दशा व्हायची तीच झाली. फिल्म एकीकडे, तबकडी दुसरीकडे. अनेक लघुपटांचं नुसतं चित्र उरलं, अनेकांचा नुसता आवाज. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या तबकड्यांच्या काही संग्राहकांनी 'व्हायटाफोन प्रोजेक्ट' सुरू केला. कोणाच्या माळ्यावर कुठली तबकडी आहे ते शोधायचं, कुठल्या संग्रहालयात तिची मुकी फिल्म आहे ते शोधायचं आणि गाठ घालून द्यायची. हे काम अनेक वर्षं चाललंय.

आलम आरा

तबकडीला पर्याय होता आवाजही फिल्मवरच उमटवण्याचा. आवाजाच्या चढउताराप्रमाणे प्रकाश कमीजास्त करायचा आणि फिल्मच्या कडेला त्याची बारीक पट्टी उमटवायची. प्रोजेक्टरमध्ये त्या पट्टीतून प्रकाश पाठवला की पुन्हा आवाज. आता दोघं एकाच वस्तूवर आले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला अर्देशिर इराणींचा 'आलम आरा' असाच चित्रित झाला. टॅनार नावाच्या यंत्रणेत चित्र आणि आवाज शूटिंगच्या वेळीच एका फिल्मवर उमटायचे. नंतर आवाज भरण्याची सोय नाही, म्हणून माइक नटांच्या आसपास लपवायचे. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता, म्हणून बरंचसं शूटिंग गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर करायचं.

या पद्धतीत आणखी एक अडचण दडलेली होती. प्रोजेक्टरमध्ये चित्र थांबत थांबत जातं तिथे आवाज वाचता येत नाही. म्हणून आवाज वाचणारा भाग थोडा पुढे, जिथे फिल्म सलग वाहायला लागते तिथे बसवतात. त्यामुळे फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतातच. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे वीस फ्रेम, म्हणजे जवळपास सव्वा फूट पुढे छापलेला असतो. एखादी चित्रपटाची फीत हातात धरलीत, तर नायक रडतोय त्या फ्रेमच्या कडेला पाऊण सेकंदानंतरचा आवाज सापडेल. आता अशा फितीला चित्र बघून कात्री लावली तर आवाज भलत्याच ठिकाणी कापला जाणार.

म्हणून चित्रपटसृष्टीने शहाणपणाचा मार्ग धरला : टिपताना वेगळं, दाखवताना एकत्र. कॅमेऱ्यात चित्र, दुसऱ्या यंत्रात आवाज, आणि दोघांची खूण म्हणून क्लॅप. पाटी आपटताना दिसते ती फ्रेम आणि 'टक' ऐकू येतो तो क्षण, एवढं जुळलं की पुढचं जुळलं. संकलन होईपर्यंत दोन्ही फिती वेगळ्या राहायच्या आणि सगळं संपल्यावर लॅबमध्ये एका फिल्मवर छापल्या जायच्या. त्या प्रतीला आपल्याकडचे जुने तंत्रज्ञ 'मॅरीड प्रिंट' म्हणतात. लग्न झालेली प्रत. तोवर दोघं मोकळे, नंतर मात्र सुटका नाही.

संक्रमणाच्या या काळातला एक चित्रपट मला फार लक्षात राहतो. दादासाहेब फाळके यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला. तोवर प्रेक्षक बोलपटांकडे वळला होता, म्हणून मागाहून त्याला आवाज देण्यात आला. ज्या माणसाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, त्याच्यावर कारकिर्दीच्या शेवटी तयार चित्राला वेगळा आवाज जोडण्याची पाळी आली. आणि नाव होतं 'सेतुबंधन'.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. चित्र आणि आवाज एकाच फितीवर असल्याचा हा दुसरा अर्थ. वेगळे असले तर एक हरवतं, एक उरतं. एकत्र असले तर दोन्ही एकदमच जातात.

वेणी

संगणकाकडे चित्र-आवाज आले तेव्हा हाच सगळा खेळ नव्याने मांडावा लागला. डिसेंबर १९९१ मध्ये ॲपलचं क्विकटाइम आलं आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं व्हिडिओ फॉर विंडोज. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, पण ते संगणकात हलत होतं आणि बोलत होतं.

मायक्रोसॉफ्टच्या फाइलचं नाव एव्हीआय. त्यातल्या शेवटच्या आयचा अर्थ आहे एकाआड एक गुंफणं. त्या काळी व्हिडिओ सीडीवरून चालायचा आणि सीडी ड्राइव्हचा वेग सेकंदाला १५० किलोबाइट. आधी सगळं चित्र आणि मग सगळा आवाज अशी फाइल ठेवली, तर ड्राइव्हचं डोकं बिचारं सतत इकडून तिकडे धावत बसेल. म्हणून थोडं चित्र, थोडा आवाज, पुन्हा थोडं चित्र, अशी वेणी घालायची. ड्राइव्हने सरळ वाचत जायचं, दोन्ही वेळेवर मिळतात.

पण वेणी घातली म्हणजे घड्याळ आलं असं नाही. एव्हीआय फाइलमध्ये 'ही फ्रेम अमुक क्षणी दाखव' असं फ्रेमवर लिहिलेलं नसतं. ही कितवी फ्रेम आणि सेकंदाला किती फ्रेम यावरून हिशेब करायचा. म्हणजे संगणकात पुन्हा व्हायटाफोनच. वेग ठाऊक, ठिकाण अंदाजाने.

हे बदललं एमपेगच्या प्रमाणाने. १९८८ मध्ये इटलीचे लिओनार्दो किआरिग्लिओने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांनी सुरू केलेल्या या गटाचं पहिलं प्रमाण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या घराघरांत नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडी आल्या त्या यावरच. दोन किंवा तीन डिस्कमध्ये एक सिनेमा, मध्येच उठून डिस्क बदलायची, असा तो जमाना. त्या प्रमाणाचे वेगवेगळे भाग होते. चित्र कसं दाबायचं हा एक, आवाज कसा दाबायचा हा दुसरा, पण पहिल्या क्रमांकाचा भाग होता दोघांना एकत्र कसं ठेवायचं याचा. त्यात ठरलं की चित्राच्या आणि आवाजाच्या तुकड्यांवर 'हे केव्हा सादर करायचं' याची वेळ लिहायची, आणि ती वेळ सेकंदाच्या ९०,००० व्या भागात मोजायची.

९०,००० च का? भागून बघा. सिनेमाच्या २४ फ्रेमनी भागलं तर ३,७५०. आपल्याकडच्या टीव्हीच्या २५ फ्रेमनी भागलं तर ३,६००. ३० ने भागलं तर ३,०००. अमेरिकी रंगीत टीव्हीच्या २९.९७ या विचित्र आकड्यालाही ३,००३ असं पूर्ण उत्तर येतं. कुठल्याही देशाचं चित्र आलं तरी बाकी उरत नाही. मला हा आकडा फार आवडतो. जगभरातल्या टीव्हीवाल्यांची जुनी भांडणं एका सामाईक पटीने मिटवली आहेत.

आज तुमच्या फोनमधली एमपी४ किंवा एमकेव्ही फाइल याच वळणाची आहे. एमपी४ ची घडण क्विकटाइमवर बेतलेली, एमकेव्ही २००२ मध्ये सुरू झालेल्या मात्रोश्का प्रकल्पाची. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याचं नाव आलं. या फाइली म्हणजे डबे आहेत. पोळी वेगळ्या कप्प्यात, भाजी वेगळ्या कप्प्यात, आणि झाकणावर कोणतं केव्हा काढायचं याची यादी. म्हणूनच एफएफएमपेगसारखं सॉफ्टवेअर वापरून दोन फाइली जोडताना, चित्र आणि आवाज आहे तसेच नव्या डब्यात ठेवायला सांगितलं, तर दोन तासांचा सिनेमा मिनिटाभरात जोडून होतो. कशाचाही दर्जा घसरत नाही, कारण शिजवलेलं काहीच पुन्हा शिजवलेलं नसतं.

कानाची सूट

मग अडतं कुठे? अजूनही घड्याळापाशीच. कॉलेजात आमच्या एकांकिकेचं चित्रण आम्ही प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून केलं होतं आणि आवाज रंगमंचाजवळच्या वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. जोडताना सुरुवातीची टाळी अगदी चपखल बसली. पाऊण तासाने, शेवटच्या प्रवेशात, ओठ आणि शब्द जरासे सुटलेले. दोन्ही यंत्रांत स्फटिकाचं घड्याळ होतं, पण कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० चा फरक धरला, तरी पाऊण तासात जवळजवळ १३५ मिलिसेकंद जमा होतात. आवाज तेवढ्याच प्रमाणात ताणला आणि काम झालं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, टाळी सुरुवातीला एक वाजवा आणि शेवटी एक.

फ्रेमचा वेग वेगळा असेल तर फरक मिलिसेकंदांत राहत नाही. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा युरोपी टीव्हीसाठी २५ ने चालवतात, तेव्हा दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो आणि पात्रांचा आवाज किंचित बारीक होतो. अशा प्रतीचा आवाज २४ फ्रेमच्या चित्राला लावला, की पहिल्याच प्रसंगात घोळ सुरू.

आणि किती चूक चालते? त्याचाही अभ्यास झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला कळतं, पण मागाहून आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा लक्षात येत नाही. ही सूट एकतर्फी आहे, आणि त्याचं कारण आपण जगात वाढलो तसं आहे. मैदानाच्या कडेला बसून क्रिकेट बघताना बॅट आधी फिरते, ठोका नंतर ऐकू येतो. आवाज उशिरा येतो हे आपल्या मेंदूने लहानपणीच मान्य केलेलं असतं. आधी ऐकू येऊन मग दिसलेलं मात्र त्याने कधी अनुभवलेलंच नसतं.

पुन्हा वेगळे

१९९३ मध्ये 'जुरासिक पार्क' आला तेव्हा डीटीएस या नव्या पद्धतीत आवाज पुन्हा एकदा फिल्मवरून उतरला आणि सीडीवर गेला. ६७ वर्षांनी व्हायटाफोन परत आल्यासारखंच. फरक एवढाच की आता फिल्मच्या कडेला वेळेची बारीक तुटक रेघ छापलेली होती. फिल्म तुटली, फ्रेम गळल्या, तरी ती रेघ वाचून आवाज आपसूक योग्य जागी उडी मारायचा. ज्या गोष्टीने व्हायटाफोनचा जीव घेतला, ती एका रेघेने सुटली.

आज तुम्ही फोनवर जे बघता, त्यातही चित्र आणि आवाज बहुधा वेगवेगळेच येतात. काही सेकंदांचे तुकडे, चित्राचे निराळे आणि आवाजाचे निराळे, प्रत्येकावर आपापली वेळ. जोडणी होते ती तुमच्या हातात, फोनच्या आत, दर क्षणाला. लोकलमध्ये बोगदा आला की चित्र धूसर होतं आणि आवाज तसाच राहतो, ते यामुळेच. चित्राचे सहा दर्जे आणि आवाजाच्या पाच भाषा असतील, तर एकत्र फाइली लागतात तीस. वेगळ्या ठेवल्या तर अकरा. त्याच हिशेबावर एखाद्या मालिकेला मराठी आवाजाचा पर्याय देणं परवडतं. लग्न लावून टाकलेल्या प्रतीत ही सोय नव्हती. तिथे भाषा बदलायची तर प्रतच दुसरी.

म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या ठिकाणी आली आहे, आणि पहिला धोकाही सोबत आला आहे. आपण सगळेच आता वेगवेगळे तुकडे साठवतो. लग्नाचा व्हिडिओ एका फोनमध्ये, मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग दुसऱ्यात. आजीच्या ओव्यांचा आवाज एका व्हॉइस नोटमध्ये, आणि ती जात्यावर बसलेली दिसते ती क्लिप कोणाच्या तरी जुन्या कार्डावर. फाइलचं नाव म्हणजे नुसते आकडे. वीस वर्षांनी जोडायचं सॉफ्टवेअर नक्की असेल. पण या आवाजाला कुठेतरी एक चित्रही आहे, हे सांगायला कोणी असेल का?

वेस्ट ऑरेंजचं ते नळकांडं वाचलं ते मेणाच्या टिकाऊपणामुळे नाही. ते तर दुभंगलेलंच होतं. त्याच्या डब्यावर डिक्सनचं नाव, व्हायोलिन, आणि सोबत 'किनेटो', म्हणजे एडिसनच्या चलचित्र यंत्राचं नाव, एवढं कोणीतरी लिहून ठेवलं होतं. त्या एका शब्दामुळे पुढच्यांना कळलं की याची जोडीदार एक चित्रफीत आहे. वेग, फ्रेम, मिलिसेकंद हा सगळा हिशेब नंतरचा. तो मर्च यांनी केला, आज एखादं सॉफ्टवेअरही करेल. डब्यावर नाव घालण्याचं काम मात्र ज्याने रेकॉर्ड केलं त्यालाच, तेव्हाच करावं लागतं.